रिकामे किलोमीटर कोणाच्या माथी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरातले काही ऑटो आणि टॅक्सीचालक सहकारी संस्था काढून स्वतःचं ॲप चालवण्याच्या विचारात आहेत. त्यांना मदत करणाऱ्या कॉम्प्युटर शाखेच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे की मोठ्या कंपन्यांचे अल्गोरिदम नेमकं काय करतात, त्यातलं काय उचलावं, आणि चालक-प्रवासी कोणावरच अन्याय होऊ नये ही अट त्यात कुठे घालायची.

ही अट शेवटी घालायची म्हटली तर ती घालता येत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. कोणती गाडी कोणाकडे पाठवायची हे ठरवताना तुम्ही काय मोजता आणि काय मोजत नाही, त्यातच न्याय-अन्याय ठरून जातो. डिस्पॅचच्या, म्हणजे गाड्या पाठवण्याच्या, कामात मी बरीच वर्षं आहे, आणि कुठलीही नवी प्रणाली समोर आली की मी एकच गोष्ट आधी विचारतो: गाडी रिकामी धावते त्या किलोमीटरचा खर्च कोण सोसतो? प्रवाशाला घ्यायला जाताना, लांब सोडून परत येताना, सवारीची वाट बघत घिरट्या घालताना. पेट्रोल-सीएनजी जळतं, वेळ जातो, आणि त्याचे पैसे कुठल्याच बिलावर दिसत नाहीत. खालचं सगळं उत्तर याच प्रश्नाभोवती आहे.

आधी रस्ता. समोर दिसणारी गाडी सोडून ॲप लांबची गाडी का पाठवतं, ही तक्रार आपण सगळ्यांनीच केलेली आहे. मनीष नगरात उभं राहून पलीकडे वर्धा रोडवर, उज्ज्वल नगरच्या बाजूला थांबलेली गाडी नकाशावर बघा. सरळ रेषेत ती हाकेच्या अंतरावर आहे, पण मध्ये रेल्वेचे रूळ आहेत. संध्याकाळच्या गर्दीत अंडरपास किंवा उड्डाणपूल गाठून ती तुमच्यापर्यंत येईस्तोवर बेसाकडून दुप्पट लांबची गाडी येऊन उभी राहते. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई असे दोन्ही मोठे मार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे या शहरात सरळ रेषेतलं अंतर जवळजवळ निरुपयोगी आहे. मोजायचा तो रस्त्याने लागणारा वेळ.

तो काढण्याची मूळ पद्धत संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांची, १९५९ साली प्रसिद्ध झालेली. पण दर सेकंदाला हजारो गाडी-प्रवासी जोड्यांचा वेळ काढायचा तर ती तशीच वापरून भागत नाही. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडलेल्या ‘कॉन्ट्रॅक्शन हायरार्कीज’मध्ये रस्त्यांच्या जाळ्यावर आधीच एकदा मेहनत करून ठेवतात, म्हणजे प्रत्यक्ष उत्तर मिलिसेकंदाच्या आत मिळतं. हे तुम्हाला स्वतः लिहायची गरज नाही. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणारं ओएसआरएम हे रस्ता काढणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. शहराचे षटकोनी तुकडे पाडून आधी आसपासच्या तुकड्यांतल्याच गाड्या निवडायच्या आणि मग त्यांचाच रस्त्याचा वेळ काढायचा, यासाठी उबरने २०१८ मध्ये खुली केलेली एच-३ प्रणालीही तशीच वापरता येते. मेहनत करायची ती स्थानिक माहितीवर. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन लागलं की मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात आणि सिव्हिल लाइन्सच्या आजूबाजूचे वेळ पार बदलून जातात. हे बाहेरून आणलेल्या कुठल्याही नकाशाला कळणार नाही, तुमच्या चालकांना सकाळीच माहीत असतं. त्यांना एका बटणाने ‘इथून रस्ता बंद’ कळवता येईल एवढी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा.

आता गाडी कोणाला द्यायची ते. सोपी रीत म्हणजे जो आधी मागेल त्याला जवळची गाडी. ती कुठे घसरते ते एका उदाहरणात बघा. एक गाडी राहाटे कॉलनी चौकात आहे, दुसरी प्रताप नगरात. लक्ष्मीनगरातून एकाने बुकिंग केलं आणि दोन-तीन सेकंदांनी धंतोलीतून दुसऱ्याने. राहाटे कॉलनीची गाडी लक्ष्मीनगरला ४ मिनिटांत पोचते, धंतोलीलाही ४ मिनिटांत. प्रताप नगरची गाडी लक्ष्मीनगरला ५ मिनिटांत, पण धंतोलीला १२ मिनिटांत. आधी मागणाऱ्याला जवळची दिली तर राहाटे कॉलनीची गाडी लक्ष्मीनगरला जाते आणि प्रताप नगरची धंतोलीला: ४ अधिक १२, एकूण १६ मिनिटं रिकामं धावणं. उलट केलं तर ५ अधिक ४, म्हणजे ९. लक्ष्मीनगरचा प्रवासी एक मिनिट जास्त थांबला, धंतोलीच्या प्रवाशाची आठ मिनिटं वाचली, आणि दोन चालकांचं मिळून ७ मिनिटांचं इंधन वाचलं.

म्हणून मोठ्या सेवा बुकिंग आल्या आल्या गाडी देत नाहीत. काही सेकंद थांबून जमलेल्या सगळ्या मागण्या आणि मोकळ्या गाड्या एकत्र घेतात आणि एकूण खर्च सर्वांत कमी होईल अशा जोड्या लावतात. यासाठीचं गणित जुनं आहे. १९५५ मध्ये हॅरॉल्ड कुन यांनी मांडलेली ‘हंगेरियन पद्धत’ आजही शिकवली जाते, आणि नागपूरच्या आकाराच्या मागणीला ती साध्या सर्व्हरवर आरामात चालते. अवघड आहे ते ‘खर्च’ म्हणजे काय हे ठरवणं. फक्त प्रवाशाच्या थांबण्याची मिनिटं घातलीत तर चालकाचं रिकामं धावणं प्रणालीला फुकटच वाटेल, आणि एखाद्या प्रवाशाचं अर्धं मिनिट वाचवण्यासाठी ती एखाद्या ऑटोला दोन किलोमीटर जास्त पळवेल. माझा सल्ला असा की चालकाच्या प्रत्येक रिकाम्या किलोमीटरला रुपयांत किंमत द्या, ती संस्थेच्या सभेत सर्वांसमोर ठरवा, आणि बदलायची झाली तरी सभेतच बदला. प्रोग्रॅमरने एकट्याने बसून टाकायचा हा आकडा नाही.

पावसात काय होतं ते समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण प्रणाली कोसळते ती तिथेच. जूनमधला पहिला दणकून पाऊस, सीताबर्डीच्या बाजारात सगळे एकदम गाडी मागतायत. एरवी गाडी ४ मिनिटांत पोचते आणि ट्रिप १५ मिनिटांची असते असं धरा. म्हणजे एका सवारीमागे १९ मिनिटं, तासाला तीन सवाऱ्या. जवळच्या गाड्या संपल्यावर ॲप लांबची गाडी बोलवायला लागतं, पोचायलाच १५ मिनिटं लागतात, सवारीमागे ३० मिनिटं जातात आणि तासाला दोनच सवाऱ्या होतात. नेमक्या जास्त मागणीच्या वेळी त्याच गाड्या एक तृतीयांश कमी काम करू लागतात. त्यामुळे मोकळ्या गाड्या आणखी कमी होतात, आणखी लांबून गाड्या यायला लागतात, आणि फेरा चालूच राहतो. २०१७ च्या सुमारास अर्थतज्ज्ञांच्या लिखाणात या अवस्थेला ‘वाइल्ड गूज चेस’ (व्यर्थ पाठलाग) हे नाव रूढ झालं. सगळे चालक धावपळ करतायत, सगळे प्रवासी भिजतायत, आणि कमाई कोणाचीच नीट होत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक भाववाढ, म्हणजे सर्ज: ज्यांचं काम थांबू शकतं ते थांबतात, मागणी ओसरते. ॲपवर गाड्या देणाऱ्या कंपन्यांसाठी केंद्राने काढलेल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सर्जला मूळ भाड्याच्या दीडपट इतकी मर्यादा होती, २०२५ च्या सूचनांत ती दुप्पट झाली. दुसरा उपाय म्हणजे ठरावीक मिनिटांपेक्षा लांबची गाडी पाठवायचीच नाही. प्रवाशाला सरळ सांगायचं की आत्ता गाडी नाही. पहिल्यात ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो मागे राहतो. दुसऱ्यात ज्याच्या वस्तीजवळ गाडी उभी नसते तो मागे राहतो, आणि तो बहुतेक वेळा तोच माणूस असतो. मी दोन्हींचा थोडा थोडा वापर करेन: सर्ज दीडपटीच्या वर जाऊ द्यायचा नाही, वाढीव रक्कम पूर्णच्या पूर्ण चालकाला द्यायची, आणि मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स या रुग्णालयांच्या दारातून निघणाऱ्या किंवा तिथे जाणाऱ्या सवारीला सर्ज लावायचाच नाही. तिथे चालकाचा होणारा तोटा संस्थेच्या निधीतून भरायचा. रात्री दोनला मेयोतून पेशंटला घरी नेणाऱ्या माणसाशी घासाघीस करणारी संस्था मला तरी नको.

आता त्या फोनबद्दल, जो आपल्या प्रत्येकाला आलेला आहे. बुकिंग झालं की चालकाचा फोन येतो: “कुठं जायचं आहे? कॅश का ऑनलाइन?” ठिकाण आवडलं नाही तर तो गप्प बसतो, आणि शेवटी कंटाळून आपणच राईड रद्द करतो. प्रवाशाला हा उर्मटपणा वाटतो. कंपन्यांनी त्यावर पूर्वी शोधलेला इलाज असा होता: चालकाला ठिकाण आधी दाखवायचंच नाही, आणि वारंवार नाकारलं तर त्याला कमी सवाऱ्या द्यायच्या. पण चालकाचं म्हणणं ऐका. रात्री साडेनऊला बुटीबोरीची सवारी आली. २५-३० किलोमीटर सोडून द्यायचं. “तिकडून खाली यावं लागते ना भाऊ,” एवढंच तो सांगतो, आणि त्याचं गणित बरोबर आहे. जाण्याचे पैसे मिळाले, येण्याचं इंधन त्याच्या खिशातून गेलं, आणि तो दीड-दोन तास शहरातल्या सवाऱ्यांना मुकला. ठिकाण लपवल्याने हा तोटा कमी होत नाही. तो कोणत्या चालकाच्या गळ्यात पडेल एवढंच नशिबावर सोडलं जातं.

इथे नियमांची बाजू माहीत असू द्या. केंद्राच्या २०२५ च्या सूचनांप्रमाणे मूळ भाडं किमान ३ किलोमीटरचं धरायचं, आणि रिकाम्या धावण्याची भरपाई त्यात आहे असं मानलेलं आहे. स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याच्या किमान ८० टक्के मिळाले पाहिजेत. चार-पाच किलोमीटरच्या शहरी सवारीत हे जुळतं, बुटीबोरीला जुळत नाही. प्रवाशावर रिकाम्या परतीचं पूर्ण ओझं टाकू नये हे मलाही पटतं. मग ते ओझं एकट्या चालकावर न टाकता सगळ्यांत वाटायचं: प्रत्येक राईडमागे एक-दोन रुपये परतीच्या निधीत, आणि परतीची सवारी मिळण्याची शक्यता कमी असलेल्या ठिकाणी सोडणाऱ्याला त्यातून ठरलेली रक्कम. शक्यता किती ते तुमच्याच नोंदींतून काढता येतं: त्या भागात, त्या वेळी, सवारी सोडल्यावर पुढची सवारी मिळेपर्यंत गाड्या सरासरी किती किलोमीटर रिकाम्या धावल्या. हे केलंत तर ठिकाण लपवायची गरज उरत नाही, आणि तो फोन बऱ्याच अंशी आपोआप थांबतो.

न्यूयॉर्कने हाच प्रश्न कायद्याने हाताळला. तिथल्या टॅक्सी आयोगाने २०१८ मध्ये चालकांच्या किमान मोबदल्याचं सूत्र ठरवलं, आणि त्यात गाडीत प्रवासी असलेल्या वेळाचं प्रमाण घातलं. गाड्या जास्त वेळ रिकाम्या फिरल्या तर प्रत्येक सवारीमागे जास्त मोबदला द्यावा लागणार, म्हणजे रिकाम्या वेळेची झळ कंपनीला. परिणाम काय झाला? कंपन्यांनी मंदीच्या तासांत चालकांना लॉगिनच करू देणं बंद केलं. सूत्र चांगलं होतं, पण ओझं पुन्हा चालकाकडेच सरकलं, या वेळी रिकाम्या गाडीऐवजी घरी बसण्याच्या रूपात. सहकारी संस्थेतही हा पेच येणार आहे: किती सभासद घ्यायचे? सगळ्यांना घेतलंत तर प्रत्येकाची कमाई घटते, दार बंद केलंत तर बाहेरचे चालक ओरडतात. याला गणिती उत्तर नाही. पण सरासरी चालकाच्या लॉगिन तासांपैकी किती वेळ गाडीत सवारी होती, हा आकडा दर महिन्याला सभासदांसमोर ठेवलात तर निर्णय तरी डोळसपणे होईल.

कमिशनऐवजी रोजची ठरावीक फी, हा प्रकार तुम्ही नक्की विचारात घेत असाल. बंगळुरूमध्ये २०२२ च्या शेवटी आलेल्या नम्म यात्री या ॲपने ऑटोचालकांसाठी कमिशन न घेण्याचा मार्ग धरला आणि पुढे दिवसाला २५ रुपयांसारखी फी लावली. मला हा प्रकार आवडतो, चालकाला हिशेब कळतो. फक्त एक लक्षात ठेवा. ॲप चालवणाऱ्याचं उत्पन्न सवारीवर अवलंबून नसेल तर सवारी नाकारली गेली काय, रद्द झाली काय, त्याला फरक पडत नाही. मग वाठोड्यातल्या प्रवाशाला गाडी मिळते का हे बघायला कोणीतरी दुसरं लागेल.

वाठोड्याचा उल्लेख मुद्दाम केला. पुढच्या तासाला मागणी कुठे असेल याचा अंदाज जुन्या ट्रिपांवरून काढतात. पण नोंद होते ती झालेल्या ट्रिपांची. जिथे गाडी कधी मिळतच नाही, तिथे लोक ॲप उघडायचंच सोडून देतात, ट्रिप होत नाहीत, आणि अंदाज काढणारं मॉडेल म्हणतं की इथे मागणी नाही. चालकांना धरमपेठ, सदरकडे जायला सुचवलं जातं आणि वाठोडा, टेका नाका, कळमना आणखी कोरडे पडतात. कोणीही वाईट हेतूने काही लिहिलेलं नसताना नकाशावर एक भेदभाव तयार होतो. म्हणून ॲप उघडून गाडी न मिळालेल्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवा आणि अंदाजासाठी तीच वापरा. शिवाय थोड्या गाड्यांना भरपाई देऊन अशा भागांत उभं करा, म्हणजे खरी मागणी किती ते कळेल.

नावाचंही तसंच आहे. अमेरिकेत सिॲटल आणि बॉस्टनमध्ये झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिॲटलमध्ये कृष्णवर्णीय प्रवाशांना गाडी मिळायला जास्त वेळ लागला, आणि बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाच्या प्रवाशांच्या राईड जास्त वेळा रद्द झाल्या. आपल्याकडे आडनावातून जात आणि धर्म दोन्ही कळतात, त्यात पिकअपची वस्ती दिसली की काही शिल्लकच राहत नाही. दीक्षाभूमीच्या शहरात हे सांगायला लागू नये, पण सांगतो: ठिकाण चालकाला दाखवा, नाव दाखवू नका. प्रवासी ओळखायला ओटीपी पुरेसा आहे.

चालकांमधल्या वाटपाकडे येतो. सर्वांना समान संधी म्हणून नियम सारखे ठेवले की झालं, असं नसतं. उबरच्या अमेरिकेतल्या दहा लाखांहून जास्त चालकांच्या नोंदी तपासल्यावर पुरुष चालकांची तासाची कमाई स्त्री चालकांपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त निघाली, आणि भाड्याच्या सूत्रात स्त्री-पुरुष असा भेद कुठेच नव्हता. कारणं होती अनुभव, कुठे गाडी चालवायची याची निवड, आणि वेग. नागपुरात एखादी ताई रात्री आठनंतर हिंगणा एमआयडीसीची सवारी नाकारत असेल आणि ॲप नाकारण्याच्या प्रमाणावर पुढची सवारी देत असेल, तर ती सकाळच्या चांगल्या सवाऱ्यांनाही मुकेल. नकाराचा दंड पुढच्या सवाऱ्यांत वसूल करू नका. त्याऐवजी प्रत्येक चालकाची लॉगिन तासामागची आठवड्याची कमाई बघा, आणि दोन गाड्यांचा पोचण्याचा वेळ जवळपास सारखा असेल तेव्हा या आठवड्यात मागे पडलेल्याला ती सवारी द्या. प्रवाशाला अर्ध्या मिनिटाचाही फरक जाणवत नाही, चालकाच्या महिन्यात मात्र फरक पडतो. सोनेगावच्या विमानतळावर मात्र साधी रांगच ठेवा. रांग सगळ्यांना कळते, तिच्यावर भांडण होत नाही.

शेअरिंगबद्दल फार आशा लावून बसू नका. संशोधनातले आकडे डोळे दिपवणारे आहेत: एमआयटीच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की मॅनहॅटनमधल्या टॅक्सींची ९८ टक्के मागणी ३,००० चार-आसनी गाड्या भागवू शकतात, सरासरी तीन मिनिटांच्या आत, तेही तिथे १३ हजारांहून जास्त टॅक्सी असताना. पण ते मॅनहॅटन आहे, तिथली दाटी नागपुरात नाही, आणि शेअरिंगच्या जोड्या जमतात त्या दाटीवरच. प्रत्यक्षात काय झालं तेही बघा. सॅन फ्रान्सिस्कोत २०१० ते २०१६ या काळात कोंडीत वाया जाणारे वाहनतास ६२ टक्क्यांनी वाढले. उबर-लिफ्टसारख्या ॲप सेवा नसत्या तर वाढ २२ टक्के झाली असती, असा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे कामठी रोडवर, हिंगण्याकडे शेअर ऑटो कुठल्याही ॲपशिवाय हे काम करतच आले आहेत, कारण तिथे एका रेषेवर भरपूर माणसं आहेत. तुम्ही शेअरिंग करणारच असाल तर मेट्रो स्टेशनपासून घरापर्यंतच्या टप्प्यावर करा. एका स्टेशनवर मेट्रो आली की दहा मिनिटांत एकाच दिशेला जाणारे चार जण सहज मिळतात, वळसा थोडा पडतो, आणि परतीला पुन्हा स्टेशनकडे सवारी असते. बायकांना फक्त बायकांबरोबरच शेअर करायचा पर्याय द्या. २०२० च्या सूचनांतही तो होता. त्याने जोड्या कमी जमतील. जमू देत.

इलेक्ट्रिक गाड्या घेणार असाल तर बॅटरीची पातळी जोड्या लावतानाच अट म्हणून घाला. मे २०१७ मध्ये इलेक्ट्रिक टॅक्सींचा देशातला पहिला मोठा प्रयोग नागपुरातच सुरू झाला, आणि चार्जिंगच्या रांगांमध्ये जाणारा वेळ हेच त्यातलं मोठं दुखणं ठरलं. रांगेतला तासही रिकामाच असतो. पंचेचाळीस डिग्रीत एसी चालू ठेवून बॅटरी किती उतरते ते कंपनीच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका, मे महिन्यात स्वतः मोजा.

सुरुवात सगळ्या शहरात एकदम करू नका. गाड्या विरळ पसरल्या की पोचायचा वेळ वाढतो आणि वर सांगितलेला पावसातला फेरा कोरड्या दिवशीही सुरू होतो. मनीष नगर, बेसा आणि वर्धा रोडवरची मेट्रो स्टेशनं एवढाच पट्टा आधी घ्या, आणि त्याच्या जोडीला वाठोड्यासारखा एक कोरडा भाग, भरपाई निधीसह. प्रत्येक सवारीच्या चार वेळांची नोंद ठेवा: मागणी कधी आली, चालक कधी निघाला, प्रवासी कधी बसला, कधी उतरला. त्यासोबत त्याआधीचे आणि नंतरचे रिकामे किलोमीटर. ही नोंद चालकाला स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या भाषेत, रोज रात्री दिसू द्या.